गंगूच्या बाजूची जागा

जांभूळ गावातून सकाळी दोन बायका सायकलवरून निघायच्या. उजवीकडे अंजनी, डावीकडे गंगू. अंजनी उंच, हाडापेराने दणकट, पन्नाशी ओलांडलेली. गंगू तिच्याहून थोडी लहान, बुटकी आणि भारी बोलकी. दोघी अंबरनाथ पश्चिमेला औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या एका कारखान्यात कामाला होत्या. पहिल्या पाळीच्या वेळेला फाट्यावरची रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरतच नाही. म्हणून सायकल. अंजनीची सायकल तिच्या मुलीची, माधवीची, शाळेतून मिळालेली. माधवी लग्न होऊन सिन्नरला गेली, सायकल आईकडे राहिली. गंगू तर सायकल शिकली चाळिशी उलटल्यावर. गावच्या पटांगणात मागून कॅरिअर धरून अंजनीनेच तिला शिकवली होती.

गंगूला गाड्यांची भीती वाटायची, म्हणून ती कडेच्या अंगाला आणि अंजनी बाहेरच्या. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी जशा निघाल्या तशाच त्या पुढे वर्षानुवर्षं चालत राहिल्या.

अंजनीचा नवरा सदू काविळीत गेला त्यालाही बराच काळ झाला होता. घरात दोन खोल्या, एक टीव्ही आणि ती. त्यामुळे तिचं दिवसभराचं बोलणं व्हायचं ते त्या रस्त्यावरच. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कारखान्यातल्या सुपरवायझरने मिशीला कलप लावला तो घामाने कसा ओघळला, सुक्या बोंबलात बटाटा घालावा की नाही, काहीही. मागून हॉर्न वाजायचे. एखादा टेम्पोवाला खिडकीतून ओरडायचा, "ओ मावशी, गप्पा घरी मारा ना!"

"घरी वेळ असता तर इथं मारल्या असत्या का?" गंगू मान न वळवता उलट ओरडायची, आणि मग दोघी हँडल डगमगेपर्यंत हसायच्या.

शिव्या घालत का होईना, गाड्या वळसा घालूनच जायच्या. दोन सायकली शेजारी शेजारी म्हणजे अर्धा रस्ता. तेवढा सोडूनच पुढे जावं लागायचं.

एका हिवाळ्यात ओढ्यावरच्या मोरीजवळ पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवला होता. डाव्या कडेला खडीचे ढीग, उजवीकडून समोरची वाहतूक. एके दिवशी मागचा एक टँकरवाला हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता. अंजनी म्हणाली, "गंगे, तू पुढं हो. मी मागून येते."

गंगू पुढे झाली. दोघी एकामागे एक, कडेला चिकटून चालल्या. टँकरवाल्याला वाटलं, झाली जागा. तो अंजनीच्या इतक्या जवळून गेला की तिचा पदर त्याच्या वाऱ्याने ओढला गेला. पुढे टँकरच्या मागच्या शिडीचा कोपरा गंगूच्या हँडलला लागला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. हँडल फिरलं आणि गंगू खडीवर आडवी झाली.

टँकर गेला निघून. त्याला कळलं तरी होतं की नाही, कोण जाणे.

"अंजने, माझा हात कुठाय गो?" गंगू विचारत होती. हात तिच्या अंगाखाली दुमडला होता. अंजनीने तिला उठवलं, डोक्याला गुंडाळलेल्या ओढणीने हात गळ्यात बांधला आणि समोरून येणारी एक रिक्षा रस्त्यात उभं राहून अडवली.

मनगट मोडलं होतं, खांदाही निखळला होता. गंगूचा मुलगा महेंद्र विठ्ठलवाडीला फ्लॅट घेऊन राहत होता, ऑफिसात नोकरी करत होता. आईला तो तिकडेच घेऊन गेला. गंगूची सायकल त्याने भंगारवाल्याला देऊन टाकली. जाताना अंजनीला म्हणाला, "मावशी, तुम्हीही सोडा आता हे. एकट्या कशा जाणार?"

तो काळजीनेच बोलला होता. पण सायकल सोडून जायचं कसं, ते त्याने सांगितलं नाही.

अंजनी एकटी जाऊ लागली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की हा रस्ता तिला ठाऊकच नव्हता. तीच वळणं, तीच मोरी, पण गाड्या वेगळ्या झाल्या होत्या. आता कुणी वळसा घालत नव्हतं. ती कडेला असायची आणि तिच्या उजव्या कोपराशेजारून बस जायची, डंपर जायचा, माणसांनी खच्चून भरलेली इको व्हॅन जायची. ती आणखी कडेला सरकायची, पार पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर, जिथे वाळू आणि फुटक्या काचा. ती जितकी सरकायची तितक्या गाड्या अंगावर यायच्या. जणू तिने सोडलेली वीतभर जागा त्यांच्याच वाट्याची होती.

मागून येणारा आवाज ऐकून गाडी ओळखायला ती शिकली. रिक्षेची धडधड ऐकली की घाबरायचं नाही. डंपर जवळ आला की आधी जमीन कळवते. सगळ्यात वाईट नव्या मोटारी, त्यांचा आवाजच येत नाही. एकदा अशाच एका मोटारीचा आरसा तिच्या हँडलला लावलेल्या डब्याच्या पिशवीला लागला. पिशवी हिसकली गेली, डबा उघडून भाकरी रस्त्यावर पडली. अंजनी पाय टेकून उभी राहिली. मागून येणाऱ्या बसचं चाक त्या भाकरीवरून गेलं. त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालतच कारखान्यात गेली. पुढचे कित्येक दिवस मोरी आली की ती उतरायची आणि चालायची. उशीर होऊ लागला. कलपवाला सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा.

आणि बोलणं बंद झालं होतं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात बोलता येत नाही, मधल्या सुट्टीत मुली आपापल्या मोबाइलमध्ये. कधी कधी घरी कुलूप काढताना तिच्या लक्षात यायचं, सकाळपासून आपण एक अख्खं वाक्य बोललेलो नाही.

कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथे टँकर आणि ट्रकचे ड्रायव्हर थांबायचे. एका दुपारी पाळी सुटल्यावर अंजनी सायकल घेऊन सरळ तिथे गेली. आपण काय बोलणार हे तिलाही माहीत नव्हतं. बाकड्यावर एकजण ग्लास धरून बसला होता. पांढरे केस, गळ्यात पंचा, मागे टँकर उभा. ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुमचा आहे हा टँकर?"

"चालवतो मी. का ओ ताई?"

"आम्ही सायकलवाली माणसं दिसत नाही का तुम्हाला वरनं?"

टपरीवाला दचकून बघायला लागला. ड्रायव्हरने ग्लास खाली ठेवला. त्याचं नाव जयदेव. माणूस बार्शीकडचा, या भागात पाण्याचा टँकर चालवत म्हातारा झालेला. त्याने भांडण केलं नाही. "कुणाला लागलं?" एवढंच विचारलं.

अंजनीने गंगूचं सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलत होती, आवाज मधेच घोगरा होत होता. जयदेवने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "या, वर बसून बघा."

त्याने दार उघडून तिला ड्रायव्हरच्या जागेवर चढवलं आणि स्वतः तिची सायकल टँकरच्या डाव्या अंगाला, मधल्या चाकाजवळ धरून उभा राहिला. "दिसतो का?" तो ओरडला. अंजनीने आरशात पाहिलं. आरशात झाड होतं, भिंत होती, टँकरचं पोट होतं. जयदेव नव्हता. सायकलही नव्हती. तो दोन पावलं बाहेर सरकला तेव्हा कुठे त्याचा पंचा दिसला.

ती खाली उतरली तेव्हा तो म्हणाला, "ही क्लीनर साईड. पूर्वी क्लीनर बसून इकडचं बघायचा, आता कोण ठेवतोय? आणि खरं सांगू का ताई, तुम्ही कडेला असता ना, तेव्हा वाटतं जागा आहे, निघून जाईल. पाय ब्रेकवर जातच नाही. मधी कोण असलं तर झक मारत थांबावं लागतं. शिव्या देतो आम्ही, पण थांबतो."

"म्हणजे मधनंच चालवू?"

"अगदी मधनं नको. पण एवढ्या कडेला नको. कडेला माणूस दिसत नाही, दिसला तरी मोजत नाही."

पुढे तो म्हणाला, "तो मी नव्हतो. पण मीही कधी असा कुणाला चाटून गेलो असेन. कळत नाही वर." आणि तिच्या चहाचं सांगायला तो टपरीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मोरीच्या अलीकडे अंजनी उतरली नाही. गंगू बरोबर असताना तिची सायकल ज्या पट्ट्यातून चालायची, त्याच पट्ट्यात तिने ती घातली. डाव्या हाताला एका सायकलीपुरती जागा मोकळी राहिली. मागे हॉर्न वाजला. तिने हँडल घट्ट धरलं. ती सरकली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. "बाजू हो ना ए, बाप का रोड है क्या?" टेम्पो कुरकुरत मंदावला, समोरून येणारी मोटारसायकल त्याने जाऊ दिली आणि मग लांबून वळसा घालून गेला.

तेव्हापासून ती तशीच चालवू लागली. शिव्या रोजच्या झाल्या. कधी एखादा मुद्दाम घासून जायचा, पण तेव्हा तिला डावीकडे सरकायला जागा असायची. ही जागाच तिला दोन-तीनदा वाचवून गेली. फाट्यावरची माणसं हसायची. "म्हातारीनं रस्ता विकत घेतलाय काय?" शिव्यांपेक्षा तिला दुसरीच गोष्ट सहन व्हायची नाही. ती मोकळी जागा. मान डावीकडे वळायची, ओठांवर काहीतरी यायचं, आणि शेजारी नुसता डांबरी रस्ता पळत असायचा.

एका रविवारी ती विठ्ठलवाडीला गंगूकडे गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. गंगू गॅलरीशेजारी खुर्चीत बसली होती. हात बरा झाला होता, पण मूठ पूर्ण वळत नव्हती. सुनेने पोहे केले. गंगूने विचारलं, "अजून सायकलनंच जातेस?"

"जाते की."

"मला टँकरचा आवाज ऐकवत नाही गं. खालच्या रस्त्यावरनं गेला की दार लावून घेते."

अंजनीला जयदेवचं सांगायचं होतं, आरशात तो कसा दिसला नाही ते, पण गंगूचा चेहरा बघून तिने ते सांगितलं नाही. मग दोघी टीव्ही बघत बसल्या. मधे मधे एखादं वाक्य व्हायचं आणि तुटायचं. अंजनीला नवल वाटलं. रस्त्यावर या बाईशी बोलणं कधी संपलं नव्हतं. तिथे दोघींचं तोंड पुढे असायचं, नजर रस्त्यावर, आणि शब्द आपोआप यायचे. इथे समोरासमोर बसून काय बोलायचं ते दोघींनाही सुचत नव्हतं. निघताना गंगूने चांगल्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. "येत जा," म्हणाली. अंजनी "हो" म्हणाली. दोनदा गेली, मग फोनवरच.

पावसाळ्यानंतर कारखान्यात कीर्ती नावाची नवी मुलगी लागली, जांभूळच्याच पुढच्या पाड्यावरची. एके दिवशी ती भावाची सायकल घेऊन फाट्यावर उभी होती. "काकू, तुमच्यासंगती येऊ? मला भ्या वाटतं."

"ये. डाव्या अंगाला राहा," अंजनी म्हणाली.

ते दिवस चांगले गेले. कीर्ती एका कानात वायर घालून गाणी ऐकायची, तरी दुसरा कान अंजनीला द्यायची. अंजनीने तिला आवाजावरून गाड्या ओळखायला शिकवलं. मोरीवर हॉर्न वाजला की कीर्तीचा पाय पेडलवर अडखळायचा, तेव्हा अंजनी म्हणायची, "बघू नको मागं. तो थांबेल. चालव तू." आणि तो थांबायचा. घरी जाऊन अंजनी दोन भाकऱ्या जास्त खायची.

दिवाळीत कीर्तीच्या बापाने तिला हप्त्यावर स्कूटी घेऊन दिली. पहिल्याच दिवशी ती अंजनीच्या दारात आली. "काकू, बसा मागं. रोज सोडीन तुम्हाला."

अंजनी एक दिवस बसली. वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं. कीर्ती अंजनीसाठी हळू चालवत होती आणि त्यामुळे मागचे हॉर्न देत होते. शिवाय दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दोघींच्या वेळा जुळणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अंजनीने सायकलमध्ये हवा भरली. "तू जा गो पुढं. माझे पाय आखडतात," म्हणाली. कीर्तीने थोडा आग्रह केला, मग केला नाही.

आता सकाळी मोरीच्या अलीकडे कुठेतरी मागून स्कूटीचा बारीक आवाज येतो. अंजनी तो ओळखते. कीर्ती हॉर्न वाजवत नाही. ती लांबून, रस्त्याच्या पार पलीकडच्या अंगाने वळसा घालून जाते, डावा हात उचलून हलवते आणि पुढच्या वळणाला दिसेनाशी होते.

"सावकाश जा गो," अंजनी म्हणते, आणि पेडल मारत राहते.