वसईच्या कमानींवरचा डाग

माझ्या कॅमेऱ्याला मी कुणाला हात लावू देत नसे. बायकोलाही नाही. कुवेतहून कायमच्या परतलेल्या शेजाऱ्याकडून तो घेतला होता, रोलवर चालणारा, चांगला वजनदार. पुसायचं फडकंही मी कपाटात वेगळं ठेवायचो. "एवढे लाड माझे केले असतेत तर," असं बायको म्हणायची आणि तिचं काही चुकत नव्हतं. या माझ्या हट्टापायी पुढे मी स्वतःलाच किती छळलं, त्याची ही गोष्ट.

न्हावा शेवा बंदरात एका एजंटकडे मी कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करायचो. आठवडाभर शिक्के मारायचे आणि ट्रकवाल्यांची बोंबाबोंब ऐकायची. रविवार मात्र माझा. पनवेलहून सकाळची गाडी धरायची आणि थेट वसई गाठायची. तिथल्या किल्ल्यात पोर्तुगिजांच्या वेळची मोठमोठी चर्चं पडून आहेत. त्यातल्या एकाला लागून चौकोनी अंगण आहे आणि अंगणाभोवती कमानींची पडवी. पाद्री तिथे फेऱ्या मारत प्रार्थना म्हणायचे म्हणे. छप्पर बरंचसं गेलंय, पण कमानी अजून उभ्या आहेत. ऊन त्यांतून आत उतरलं की जमिनीवर उजेडाच्या दुसऱ्या कमानी आडव्या पडतात आणि दिवसभर हळूहळू सरकत राहतात. मी खांबाला टेकून वाट बघायचो. सावलीची कड हवी तिथे आली की नेमकं एखादं जोडपं हातात हात घालून मध्ये कडमडायचं. माझं डोकंच फिरायचं.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी कॅमेरा डोळ्याला लावला आणि उजवीकडे वर, कमान जिथे वळते तिथे, पुसट काळसर डाग दिसला. भिंतीची ओल असेल, म्हणून दुसऱ्या कमानीकडे वळलो. डाग तिथेही. कॅमेरा आकाशाकडे धरला, तर डाग आकाशात. काच पुसली, लेन्स पुसली. तो जागचा हलेना. पुढे रोल धुऊन आला तेव्हा मी दुकानातच फोटो एकेक करून बघितले. सगळे स्वच्छ. एकाही फोटोत डाग नव्हता.

म्हणजे कॅमेऱ्याला जे नीट दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. आमच्या घरात हे आधी एकदा घडलं होतं.

माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती. त्यांनाही आधी कडेचंच दिसेनासं झालं, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो म्हणून बरेच दिवस ते लक्षातही आलं नाही. हा आजार घराण्यात उतरतो, दोन्ही मुलांनी दरवर्षी डोळे तपासून घ्या, असं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आणि खारघरला राहणारा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी मान डोलावली आणि दोघेही कधी गेलो नाही. बाबा कोन गावातल्या आमच्या जुन्या घरातून माझ्याकडे राहायला आले ते नजर गेल्यावरच, आणि आल्यापासून एकदाही घराबाहेर पडले नव्हते. खिडकीजवळच्या खाटेवर बसून रेडिओ ऐकायचे. डोळ्यांचा विषय ते काढत नसत, आम्हीही काढत नसू.

कुणालाही न सांगता मी आंधळं व्हायच्या तयारीला लागलो. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. बायको बाजारात गेली की डोळे मिटून स्वयंपाकघरापर्यंत जायचो. एकदा सिलिंडरवर नडगी सडकून आपटली. बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण हाय?" मी दात आवळून म्हणालो, "मीच." वसईच्या कमानी तर मी अधाशासारख्या बघायला लागलो. रविवारी जायचोच, वर रजा टाकूनही जायला लागलो.

कॅमेरा दुसऱ्या डोळ्याला लावून बघावं, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण तिथेही डाग दिसला तर? एक डोळा शाबूत आहे असं मी धरून चाललो होतो. तेवढा तरी आधार राहू दे, म्हणून बघितलं नाही.

शेवटी बायकोने मला भिंत चाचपताना पकडलं. "बाई आहे की बाटली आहे, सांगून टाका एकदाचं," ती म्हणाली. मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे डोळ्यांचा दाब बघितला, थेंब घालून आतली नस बघितली. मग हनुवटी टेकवून एका यंत्रासमोर बसवलं. बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू नाही. डोळे उत्तम आहेत. डाग नक्की कधी दिसतो?"

"कॅमेऱ्यातून बघताना."

"मग कॅमेरा आणा ना."

बायको घरी जाऊन कॅमेरा घेऊन आली. भाजीच्या पिशवीत. डॉक्टरांनी तो उचलला तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला, मी तो मागे घेतला. त्यांनी खिडकीकडे रोखून बघितलं.

"उजवीकडे वर?"

"हो."

"मलाही दिसतोय. आता माझे डोळे कुणी तपासायचे?"

बुरशी होती. "आपल्याकडच्या दमट हवेत आमच्या तपासणीच्या भिंगांवरही धरते," डॉक्टर म्हणाले. कॅमेऱ्याला डोळा लावून आपण ज्या काचेतून बघतो तिच्यावर ती आतल्या बाजूने धरली होती. फोटोचा उजेड त्या वाटेने जात नाही, म्हणून फोटो स्वच्छ. "इतक्या दिवसांत एकदा माझ्या हातात दिला असतात तर!" बायको म्हणाली आणि हसत सुटली. माझा जीव भांड्यात पडला आणि चारचौघांत मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

घरी आल्यावर बाबांना फक्त इतकंच सांगितलं, की डोळे तपासून आलो, चांगले आहेत. त्यांनी रेडिओ बंद केला.

"परत सांग."

"डोळे चांगले आहेत, बाबा. काचबिंदू नाही."

"दोनी?"

"दोन्ही."

त्यांनी हात पुढे करून माझा खांदा चाचपला. मग म्हणाले, "इतकी वर्षं तुला इचारलं नाय. दिसत नाय म्हणाला असतास तर मी काय करणार होतो?" आणि लगेच, "धाकट्याला फोन लाव."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. धाकटा नेहमीप्रमाणे सुट्टीचं कारण सांगत असणार. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सुट्टीबिट्टी काय नाय. तू घाबरतोस, मला ठावं हाय. मी पण घाबरलेलो," ते म्हणाले. "मी येतो तुझ्यासंगं."

फोन माझ्याकडे देऊन ते खाटेवरून उठले आणि पायाने जमीन चाचपत म्हणाले, "माझ्या चपला कुठं ठेवल्यात तुमी?"