पंचवीस शेक

नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. कॅन्सरची गाठ होती, निम्म्याहून जास्त जठर काढावं लागलं. टाके वाळल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता गोळ्या आणि पंचवीस शेक." शेक म्हणजे रेडिएशन. मला कळेना, गाठ काढली तर आता शेकायचं काय? "दिसत नाही असं काही राहिलं असेल तर," डॉक्टर म्हणाले. असेल तर म्हणजे आहे की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

सोमवार ते शुक्रवार रहाटणीहून रिक्षाने हॉस्पिटलला जायचो. जायच्या आधी तीन तास यांनी काही खायचं नाही. पोटावर शाईच्या खुणा होत्या, त्या पुसू द्यायच्या नाहीत. आत जेमतेम पंधरा मिनिटं. दुखायचं काहीच नाही, मळमळ सुरू व्हायची ती घरी आल्यावर.

पहिल्याच आठवड्यात यांनी स्वतःचं ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं. आमची चार वर्षांची मुलगी धावत आली की ओरडायचे, "लांब हो, लांब!" रोज यांच्या मांडीवर बसून जेवणारी पोर दारात उभी राहून रडायची. मला वाटलं, आजाराने माणूस आमच्यापासून तुटला. की माझंच काही चुकलं? विचारलं तर, "तुला नाही कळायचं."

बाराव्या शेकाला मी मशीन चालवणाऱ्या बाईंना गाठलं. "ताई, घरात लहान मूल आहे. यांच्याजवळ गेलं तर काही धोका?"

"कसला धोका? मशीन बंद झालं की संपलं. अंगात काही उरत नाही. खुशाल घेऊ द्या जवळ."

रिक्षात यांना सांगितलं. हे म्हणाले, "चाकणला कंपनीत वेल्डिंग तपासायला हेच किरण मारतात. तेव्हा दोरी बांधून आम्हाला लांब हाकलतात. इथं तर थेट पोटात सोडतायत."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"तूही घाबरली असतीस."

त्या दिवशी मुलगी मांडीवर बसली. यांनी चार घास मऊ भात खाल्ला, उरलेला तिने संपवला. हे तिच्या केसांवर हात ठेवायचे, उचलायचे, परत ठेवायचे.

शेक संपून सात महिने झाले. हे कंपनीत हलक्या कामावर जातात. परवाच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. तीन महिन्यांनी या." गावाहून सासूबाईंचा फोन आला, "बरा झाला ना गं?" मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "हो म्हणालीस?"

मी कॅलेंडरची तीन पानं उलटली आणि पुढच्या तपासणीच्या तारखेवर शाईने खूण केली.