पश्चिमेच्या खिडकीची फट

आमच्या घराची पश्चिमेकडची खिडकी पावसाळ्यात उघडत नाही आणि हिवाळ्यात लागत नाही. उन्हाळ्यात ती उघडतेही आणि लागतेही, पण तेव्हा तिच्या वाटेला कोणी जात नाही, कारण दुपारनंतर काचेला हात लावला तर चटका बसतो.

घर नाशिकला, त्र्यंबक रस्त्याच्या अंगाला असलेल्या एका जुन्या कॉलनीत आहे. बांधलं तेव्हा मागे मोकळी शेतं होती. त्र्यंबककडून येणारा तिरपा पाऊस, मे महिन्यातलं कलतं ऊन आणि पौषातला वारा हे सगळं आधी या खिडकीवर यायचं, मग गावात जायचं. आता मागे इमारती झाल्या, पण त्यांच्यामधली बोळ नेमकी आमच्या खिडकीसमोर आली, त्यामुळे आमच्या नशिबात काही फरक पडला नाही.

खिडकी लाकडी, दुधी काचांच्या दोन झडपांची, मध्ये लोखंडी गज. लाकूड सागवानी आहे असं वडील म्हणतात. आजवर आलेल्या एकाही सुताराने त्याला दुजोरा दिलेला नाही. बाहेरच्या बाजूचा रंग उन्हाने फुगतो आणि पापड्यांसारखा सुटतो. काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, तडकून खाली पडते आणि ट्रक गेला की काचा थरथरतात. रंगारी दर वेळी समोरून रंग मारून जातात. झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडा कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्या कोरड्याच राहतात आणि पाऊस लागला की पाणी पितात. आषाढ संपेपर्यंत झडपा फुगून चौकटीत गच्च बसलेल्या असतात.

वडील शाळेत गणित शिकवायचे. अडलेली गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही, मग ते उदाहरण असो की खिडकी. श्रावणात ते माळ्यावरून रंधा काढायचे, झडप बिजागऱ्यांवरून उतरवून पलंगावर आडवी टाकायचे आणि अडणारी कड घासायचे. खोलीभर लाकडाच्या कुरळ्या साली पडायच्या. खिडकी उघडायची, आणि एखादा तालुका जिंकल्यासारखे ते त्यात उभे राहायचे.

आई दारातून म्हणायची, "अहो, दिवाळीपर्यंत थांबा. आपोआप सुटेल."

ते थांबायचे नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की लाकूड आकसायचं, आणि जिथे रंधा फिरला होता तिथे फट पडायची. आईला दमा होता. थंडीच्या दिवसांत त्या फटीतून येणारा वारा थेट तिच्या उशीवर यायचा. मग ती जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडायची, त्यांना पीळ द्यायची आणि उलथन्याच्या मागच्या टोकाने फटीत कोंबत बसायची. वडील तिथेच खुर्चीत पेपर वाचत असायचे. निफाडचा पारा किती उतरला ते मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, "निफाडचं राहू द्या, या खिडकीचं वाचा."

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रंधा. अशी कितीतरी वर्षं झाली. एकाने दर श्रावणात खिडकी लहान करायची आणि दुसरीने दर मार्गशीर्षात ती भरून काढायची. दोघं यावर कधी नीट भांडले नाहीत. मला मात्र वडिलांचा राग यायचा. आई रात्रभर खोकायची, ते मी भिंतीपलीकडे जागी राहून ऐकायचे, आणि सकाळी वडील चहा पिताना म्हणायचे की यंदा थंडी जास्त आहे.

गेल्या उन्हाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की येता हिवाळा सांभाळा, अंगावर गार वारा येऊ देऊ नका, पुन्हा छाती भरली तर अवघड आहे. मी ते वडिलांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते खिडकीकडे बघत राहिले.

मी अॅल्युमिनियमवाल्याला बोलावलं. त्याने मापं घेतली आणि सरकत्या खिडकीचे गुण सांगितले. पलंगावरून आईने विचारलं, "पूर्ण उघडेल का?" तो म्हणाला, काकू, स्लायडिंग अर्धीच उघडते, अर्धी दुसऱ्या काचेमागे राहते. आई म्हणाली, "मग तिला खिडकी कशाला म्हणायचं?" तो हसला आणि टेप गुंडाळून गेला. मी पुष्कळ समजावलं. पण आजारी माणसाचा हट्ट मानायचा की तिला उठून बसायचंही बळ नाही हे बघायचं, ते मला कळेना. खिडकी तशीच राहिली.

श्रावणात झडपा नेहमीप्रमाणे गच्च बसल्या. आई आता दिवसभर त्याच खोलीत असायची. खोलीत औषधांचा आणि ओलीचा वास कोंडला होता. मी वडिलांना म्हटलं, रंधा काढू का? ते म्हणाले, "नको."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"आत्ता घासली की थंडीत फट पडते," ते म्हणाले. हे त्यांनी मला नवीन माहिती असल्यासारखं सांगितलं. "हिला वारा लागून चालणार नाही."

पलंगावरून आई म्हणाली, "अहो, मला गुदमरतंय. घासा थोडी."

"दिवाळीपर्यंत थांब. आपोआप सुटेल."

आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला ढास लागली. मी पाणी दिलं, पाठ चोळली. वडील कानकोंडे होऊन उभे होते. दम परत आल्यावर ती म्हणाली, "मी थांबेन हो दिवाळीपर्यंत. पण तोवर मला बाहेरचं दिसू तरी द्या."

वडील स्वतः स्टुलावर चढायला निघाले, तेव्हा मी त्यांना खाली बसवलं आणि रंधा काढून दिला. झडप दोघांनी मिळून उतरवली. त्यांचे हात आता कापतात. एरवी सपासप हात चालवणारा माणूस त्या दिवशी दोनदा रंधा फिरवायचा आणि झडप लावून बघायचा, पुन्हा उतरवायचा, पुन्हा दोनदा. लागेल तेवढंच काढायचं म्हणून सगळी दुपार गेली. उघडल्यावर आईने मान वळवली. बोळीतला शेवगा, कोणाची तरी वाळत घातलेली चादर, एवढंच दिसत होतं. ती संध्याकाळपर्यंत ते बघत होती.

दिवाळी झाली. आई होती. मार्गशीर्षात थंडी पडली आणि फट उघडी पडली, जपून घासली तरी पडलीच. आईच्या हातात पट्ट्या कोंबायचं बळ नव्हतं. मी ऑफिसमधून आले तर वडील खिडकीशी स्टूल ठेवून बसले होते, मांडीवर फाडलेली साडी, हातात उलथनं. मला त्यांनी मदत करू दिली नाही. चष्मा कपाळावर ढकलून ते बोटांनी फट चाचपत होते आणि पट्ट्या भरत होते. पीळ सैल, कुठे जास्त, कुठे काहीच नाही. आई पडल्या पडल्या सांगत होती: खाली झालं, डावीकडे घ्या, आणखी जरा दाबा.

बऱ्याच वेळाने ते वळले. थकले होते. त्यांनी विचारलं, "आता येतोय का गं वारा?"

मी खिडकीलगत उभी होते. वरचा कोपरा तसाच राहिला होता. तिथून येणारा वारा माझ्या मनगटाला गार लागत होता, आणि तो कुठे जातो ते मला लहानपणापासून माहीत होतं.

आईने शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही येत."