हलत्या हनुवटीवरचा वस्तरा

माझे यजमान लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाले होते, सांधे बदलून गाड्यांना रूळ लावून द्यायचे. पाळी कुठलीही असो, दाढी केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. पात्याचा रेझर तेव्हा क्वार्टरांमधून बऱ्याच जणांकडे आला होता, पण यांचा भरवसा वस्तऱ्यावर. खिडकीत आरसा टेकवून ते उभे राहायचे आणि मी चुलीपाशी ती खरखर ऐकायची. हनुवटीखालची खरखर आली की चहा टाकायचा, इतकी ती सवयीची झाली होती.

चाळिशी ओलांडली आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी नुसता कप बशीवर वाजायचा. मग एका सकाळी कानाखाली कापलं, बनियन रक्तानं भरलं. "निसटला," एवढंच म्हणाले. तळेगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. रुळांचे सांधे असल्या हाताकडे कोण देणार? नोकरी सुटली. आम्ही बिऱ्हाड गुंडाळून वराळ्याला, गावच्या घरी आलो.

गावात म्हातारा न्हावी होता, त्याला सगळे आबाच म्हणत. तो दाढीला यायचा तेव्हा ओट्यावर चार माणसं जमायची आणि यांच्या हाताकडं बघत राहायची. एकदा कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून यांनी दाढी करून घ्यायचं सोडलं. खुंट वाढले, त्यात भाताची शितं अडकायला लागली. मी पुसायला गेले की तोंड फिरवायचे.

शेवटी मीच आबांच्या घरी गेले. म्हटलं, "आबा, मला शिकवा. घरात, दार लावून मी करीन."

 आबा म्हणाले, "सूनबाई, लोक लय बोलतील."

"बोलू द्या."

त्यांनी एक मडकं आणलं, त्याला साबणाचा फेस फासला आणि वस्तरा माझ्या हातात दिला. "ह्यो फेस काड. मडक्यावर ओरखडा उठता कामा न्हाई." पण त्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर धार परतायला शिकवलं. वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं. उलटवायचा तो पाठीवरूनच, नाहीतर पट्टाच कापला जातो. "आन जोर लावायचा न्हाई. धार आसंल तर वस्तरा आपसूक चालतो. जोर लावला की रगात."

कितीतरी दुपारी मी ते मडकं भादरलं. मग एके दिवशी दार लावून यांच्यापुढं बसले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. माझ्या हातात त्यांचाच वस्तरा बघितला आणि ते इतक्या दिवसांनी हसले.

"अगं, गळा कापशील."

"मग बोलू नका."

पहिल्या दिवशी दोन ठिकाणी कापलं. माझे डोळे भरले, तसे म्हणाले, "तुरटी लाव आन फुडं चल. भिऊ नगंस." मग त्यांनीच एकेक सांगायला सुरुवात केली. कढत पाण्यात पंचा पिळून आधी गालावर ठेव, केस मऊ पडतात. डाव्या हातानं कातडी ताण. वस्तरा उभा धरू नको, गालावर जवळजवळ निजव. केस जिकडं झुकलेत तिकडंच ओढ. महिन्याभरात माझा हात बसला. गाल गुळगुळीत झाला की ते त्यावर तळवा फिरवायचे, आणि तो तळवा गालावर थरथरत राहायचा.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचा चेहरा उजेडात मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक तीळ होता, तो मला तेव्हा कळला.

पुढं कंप हनुवटीत उतरला. मी हनुवटी तळव्यात धरायची, थरथर जरा ओसरायची वाट बघायची, तेवढ्यात एकदा वस्तरा ओढायची, पुन्हा थांबायची. एका दाढीला अख्खी सकाळ जायची. नंतर बोलणंही गेलं. दुखलं तर नुसतं माझं मनगट धरायचे.

एका थंडीत छातीत कफ भरला आणि ते गेले. सकाळी अंगणात माणसं जमली. मी दाढीसाठी पाणी तापवायला ठेवलं तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वैनी, न्हाव्याला बलावलंय. बाईमाणसानं ह्ये करू न्हाई."

मी म्हटलं, "भावजी, रोज मीच करत होते. आज दुसऱ्याचा हात नको लागायला."

 मग दिरांनीच दार लोटून घेतलं आणि पाण्याची वाटी धरून माझ्याजवळ बसले.

मी पंचा पिळून गालावर ठेवला. तो तिथंच गार झाला. फेस लावला, हनुवटी तळव्यात घेतली आणि सवयीनं थांबले, थरथर ओसरायची वाट बघत. दीर हळूच म्हणाले, "वैनी, करा आता."

हनुवटी हलत नव्हती. वस्तरा एका ओढीत गालावरून खाली आला. इतकी सोपी दाढी मी त्यांची कधीच केली नव्हती. कुठं कापलं नाही, तुरटी लागली नाही. दिरांच्या हातातली वाटी मात्र वाजत होती. मी ती काढून घेतली, चेहरा पुसला आणि दार उघडलं. बाहेरची माणसं उठून उभी राहिली.