विंचवापर्यंत ओल

दादर पेरायची वेळ आली की आमच्याकडे आधी पहार शोधायची आणि मग बायकोला हाक मारायची. पहार अजून दाराशी उभी आहे. ज्या हातासाठी तिला हाक मारायचो, तो हात मी चैत्रात जाळून आलो.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला फिरवून सांगता येत नाही. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. पाऊस सरता सरता पेरायची आणि पुढे वरून थेंब न पडता काळ्या जमिनीत जी ओल साठली असेल तिच्यावरच काढायची. ओल खोल असली तर कणसं भरतात. नसली तर दादर गुडघ्याएवढी होऊन उभीच वाळते. बियाणंही जातं आणि बैलांचा चाराही जातो.

माझे वडील ढेकूळ मुठीत दाबून बघायचे. लाडू वळला की पेरा. माझी बायको चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच हस्त नक्षत्रात तिनं सासऱ्याच्या मुठीकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "वरली ओल काय सांगस? खाले देखा ना."

वडिलांनी ऐकलं. म्हणाले, "मंग तूच देख."

तिनं बघितलं. पहारीनं भोक पाडलं, पदर खोचला, शेतात आडवी झाली आणि बोटांना कोरडी माती लागेपर्यंत हात आत घालत गेली. त्या वर्षी कोरडी लागलीच नाही. खांदा जमिनीला टेकला तरी बोटं ओलीतच. पुढे दरवर्षी वडील पहार स्वतः आणून द्यायचे.

तिच्या उजव्या हातावर लहानपणीच गोंदलेलं होतं. मनगटाशी ठिपके, त्यावर विंचू, कोपराखाली तुळस. तुळस भोकात बुडाली तरी बोटांना ओल लागत असेल तर पेरायचं. हात विंचवापर्यंत जायच्या आधीच बोटांना कोरडं लागलं तर बियाणं घरी. गावात थट्टा व्हायची. पारावरून हाक यायची, "नाना, घरना इच्चू काय म्हनस?"

"तुलेच चावसू म्हनस," मी सांगायचो.

हसायचे, पण खरं उत्तर घेतल्याशिवाय पेरणीची पाभर जुंपायचे नाहीत. एका वर्षी चुलतभावानं तिचं न ऐकता पेरलं. संक्रांतीनंतर त्यानं त्याच शेतात ढोरं चरायला सोडली.

खांद्यापर्यंतची ओल मी थोडीच वर्षं पाहिली. मुलं झाली त्या काळात ती दंडावर आली. पुढे कोपरावर. मध्येच एखादं वर्ष चांगलं जायचं, हात पुन्हा दंडापर्यंत बुडायचा आणि आम्ही म्हणायचो, फिरलं आता. फिरलं काही नाही. पुढचं वर्ष आधीपेक्षा वाईट यायचं. पाऊस दरवेळी कमीच पडायचा असंही नाही. पडायचा तो एकदम कोसळायचा आणि नाल्यानं तापीकडे पळून जायचा. कोणी म्हणायचं बांधावरच्या बाभळी तोडल्या म्हणून, कोणी म्हणायचं रेल्वेच्या भरावामुळे. नरडाण्याच्या बाजारात ज्याच्या त्याच्याकडे कारण होतं.

शेवटची काही वर्षं आडवी झाल्यावर तिला उठवायला मी लागायचो. उठताना ती जमिनीला शिव्या घालायची. "इतलं शेन खादं माय, पानी कथा दपाडं तू?" पाणी कुठं लपवलंस, असं विचारायची. एखाद्या चोरट्या सुनेला विचारावं तसं.

चैत्रात तिला ताप आला आणि ती गेली. जायच्या आधी दादरचं बी तिनं राखेत घोळून मडक्यात भरलं होतं आणि तोंड शेणामातीनं लिंपलं होतं. त्या लिंपणावर तिची बोटं उमटलेली आहेत. घरात बी तेवढंच. पेरून वाळलं तर संपलं. नाही पेरलं तर वर्षभर ना भाकर ना कडबा.

हस्ताचा पाऊस झाला. सगळं गाव पेरणीला निघालं. मुलगा म्हणाला, "नाना, तुमना हात घाला."

माझा हात तिच्याहून लांब, आणि कोरा. कोळशानं खुणा करायला बसलो. विंचू मनगटाच्या किती वर? मुलगा म्हणाला इथं, मी म्हणालो तिथं. शेपटी कोपराकडे होती की पंजाकडे, यावरून आमची जुंपली. मी म्हणत होतो पंजाकडे. जन्मभर त्या हातची भाकर खाल्ली मी. कोळसा फेकून दिला.

मग मेहुणी आठवली. तिची धाकटी बहीण, चोपड्यालाच दिलेली. दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतलं होतं आणि दोघींची चणही एकच. निरोप धाडला, ती आली. दारातच अक्काच्या नावानं रडायला लागली. थोडी शांत झाल्यावर मी काम सांगितलं, तशी भडकली.

"दाजी, मी रडाले उनू का माती उकराले?"

"दोन्ही कर."

रडता रडता तिला हसू आलं. नाक पुसून हात पुढे केला. "पन मन्हा इच्चू लांडा शे."

अक्का गोंदताना गप बसली होती. हिनं मात्र बोंब ठोकली आणि हात ओढून पळाली. शेपटी राहिली ती राहिलीच. "अक्कानी शेपटी कोपरकडे व्हती," ती म्हणाली. म्हणजे मुलाचं बरोबर होतं.

शेतात वरची माती छान होती, लाडू वळत होता. मुलानं पहारीनं भोक पाडलं. मेहुणी आडवी झाली, हात आत गेला. ठिपके बुडाले आणि हात थांबला.

"दाजी, कोरडं."

विंचू वरच होता, उन्हात.

"आखो उकर ना, मावशी," मुलगा म्हणाला.

"उकरीसन काय व्हई? खाले बठ्ठं राख शे."

नाल्याकडे दुसरं भोक पाडलं. तिथंही तेच.

मी तिला हाताला धरून उठवलं. तेवढ्याच जाडीचा हात, त्याला तीच माती लागलेली. मी तो लगेच सोडला नाही. तिनंही तो ओढून घेतला नाही.

दादर पेरली नाही. इथं बैलांना चारा नाही, म्हणून मुलगा बैल घेऊन मावशीबरोबर चोपड्याला गेला, केळीच्या बागेत कामाला. तुम्हीही चला म्हणाला. मी राहिलो.

मडकं फळीवर आहे. लिंपण तडकायला लागलंय, तिच्या अंगठ्याची खूण अर्धी गळून पडली. हे बी आणखी एक पावसाळा कसंबसं दम धरेल, त्यापुढे त्याचा भरवसा नाही. म्हणजे पुढच्या हस्तात विंचू बुडो की उघडा राहो, मडकं फोडावंच लागणार. तरी मेहुणीला निघताना सांगून ठेवलं की पेरणीला ये.

जगले तर येईन, म्हणाली. "जगनू ते इसू, दाजी."