टेपताईंनी मापाशिवाय शिवलेला झगा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली टेपताई म्हणते. मापाचा टेप सकाळी गळ्यात पडतो तो झोपतानाच उतरतो. खाली त्यांचं शिवणाचं दुकान, वर आम्ही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाचं माप त्या नुसत्या नजरेनं सांगतात, तेही मोठ्यानं. मग टेप लावून बघायचं, आकडा बरोबर निघाला की स्वतःवरच खूश व्हायचं. गिऱ्हाइकं हसतात. मीही हसायचे, आमची लेक आजारी पडेपर्यंत.

लेकीचा आजार खाण्याचा होता. जेवण टाळायची, आरशासमोर पोट चिमटीत धरून बघायची आणि दिसेल तो आकडा पाठ करायची. वजनाचा, कमरेचा, खाऊच्या पाकिटावर छापलेला कॅलरीचा. पार काडी झाली तेव्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जेवण वेळेवर. आणि तिच्या अंगाबद्दल एक शब्द नको, चांगलासुद्धा नको. पुन्हा घसरली तर परत इथंच आणावं लागेल." मी वजनकाटा माळ्यावर टाकला आणि तोंडाला कुलूप लावलं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच.

घरी आल्यावर भेटींचा नुसता पूर. मामानं चॉकलेटची भलीमोठी पेटी आणली. शेजारणीनं जीन्स दिली, वर म्हणाली, "आता होईल तुला!" आणि माझ्या नणंदेनं काय आणावं? डाएटचं पुस्तक! असली डोकी कुठं मिळतात, एकदा विचारायला हवं. मी सगळं हसून घेतलं आणि माळ्यावर काट्याशेजारी नेऊन ठेवलं.

टेपताईंचा मात्र पुतणीवर खरा जीव. नवा झगा शिवून देते म्हणाल्या. लेक खुशीत खाली गेली, मागोमाग मी. ती दुकानाच्या दारात पोचली, ताईंनी मान वर केली आणि सवयीनं आकडा बोलून गेल्या. एवढ्यावर थांबतील तर त्या ताई कसल्या! "छान भरलीस गं," म्हणाल्या.

लेक तशीच वळली आणि जिना चढून गेली. त्या दुपारी तिनं ताटाला हात लावला नाही. रात्रीही नाही.

मी तणतणत खाली गेले. "ताई, तुमच्या जिभेला काही हाड?"

"अगं, तोंडातून निघूनच गेलं," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. बरंच काही सुनावायचं ठरवून गेले होते, ते सोडून त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या तर गळ्यात टेप नाही. त्यांचा गळा एवढा मोकळा मी घरच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. लेकीजवळ बसून म्हणाल्या, "चुकलं माझं. झगा शिवते, पण माप घेणार नाही. तू सांग, कसा हवा?"

लेक म्हणाली, "कुठं आवळायला नको, काकू. आणि आत नंबरची पट्टी नको."

मापाशिवाय कात्री चालवायची म्हणजे ताईंची पंचाईतच. पहिला झगा असा झाला की त्यात आम्ही दोघी जावा मावलो असतो. तो त्यांनी मुकाट्यानं उसवला. इकडे लेक चार घास खाऊन उठत होती. आठवड्याच्या शेवटी तिला दाखवायला न्यायचं होतं आणि दवाखान्याची बॅग पुन्हा भरावी लागणार, ही धास्ती माझ्या मनातून जाईना.

दुसरा झगा जमला. मऊ, हिरवा, मोठ्या खिशांचा, कमरेला दोन लांब बंद. "तुला बरं वाटेल तिथं गाठ मार," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. नजर पडली की आकडा सुटेल, त्यांचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

तोच झगा घालून लेक जेवायला बसली. समोर काकू, शेजारी मी. अर्धं ताट झालं आणि तिचा हात पोटाकडे गेला. हात तिथं गेला की जेवण संपलं, हे मी कितीदा पाहिलं होतं.

तिनं गाठ सोडली. जरा सैल करून पुन्हा बांधली आणि ताट जवळ ओढलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. बोलायला माझी जीभ नुसती वळवळत होती.

"आई, भात आहे का अजून?"

"आहे," मी म्हणाले, आणि वाढला.