दाजींचं पाच मिनिटांचं भाषण

आमच्या काचेच्या कारखान्यात माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळेच दाजी म्हणतात. चूक माझी आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तिथे कामाला लागलो, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "दाजी, हातमोजे कुठे ठेवता?" असं विचारलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो माणूस अख्ख्या कारखान्याचा दाजी झाला. वॉचमन म्हणतो, ट्रकवाले म्हणतात, ऑफिसातल्या बायकासुद्धा म्हणतात. खरा मेहुणा मी एकटा, पण त्याचा मला कधी काडीचा फायदा झाला नाही.

दाजी मोठ्या काचा उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. मोठी काच म्हणजे दुकानाच्या दर्शनी बाजूला बसते ती. सहा माणसांशिवाय ती जागची हलत नाही. आम्ही तिला रबराच्या वाट्या चिकटवतो, त्यांच्या मुठी धरतो आणि ट्रकपासून बसवायच्या जागेपर्यंत चालत नेतो. पुढच्या डाव्या कोपऱ्याला दाजी, त्यांच्या मागे मी. बाकीचे चौघे म्हणजे लंबू, थोरला आणि धाकटा हे दोघे सख्खे भाऊ, आणि मास्तर. मास्तरनं पूर्वी कुठल्याशा शाळेत सहा महिने शिकवलं होतं. तेवढं नाव अजून चालू आहे.

काच हातात असताना दाजींशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. दाजी एक शब्द बोलणार, आम्ही पाचही जणांनी तोच शब्द परत म्हणायचा, आणि मगच करायचं. "उचला." "उचला." मग उचलायची. "पायरी." "पायरी." मग पाय टाकायचा. एकाचा जरी आवाज आला नाही, तरी दाजी पुढे सरकत नाहीत. एकदा ऐन वेळी धाकट्याला उचकी लागली, तर आम्ही दीडशे किलोची काच धरून त्याची उचकी थांबायची वाट बघत उभे होतो. बावीस वर्षांत एकच काच फुटली. तीही बसवून झाल्यावर, ग्राहकानं स्वतःच्या गाडीनं फोडली.

दाजी दिवसाला तीसेक शब्द बोलत असतील. त्यातले पंचवीस कामावर खर्च होतात. उरलेले ताईच्या वाट्याला येतात, आणि त्यातले चार "हं" असतात. माझं अगदी उलट. मला गप्प बसवत नाही. काच खाली ठेवली की टोळीच्या वतीनं मीच बोलतो, आणि टोळीचं म्हणणं आहे की जरा जास्तच बोलतो.

गेल्या वर्षी दाजींचा डावा खांदा गेला. डॉक्टरनं औषध दिलं आणि म्हणाला, वजन उचलणं बंद करा, नाहीतर हा हात वर जायचाच थांबेल. ही गोष्ट डॉक्टर, ताई आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होती. कारण कारखान्याचा नियम सरळ आहे, उचलणाऱ्याला उचलता आलं नाही की त्यानं घरी बसायचं. दाजींची नोकरीची चार वर्षं बाकी होती आणि भाचीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर होतं. वाट एकच होती. जुने सुपरवायझर निवृत्त होणार होते. सुपरवायझरला काही उचलावं लागत नाही, कोण काय उचलतंय ते बघावं लागतं.

ताईनं मला घरी बोलावलं आणि समोर बसवलं.

"ती जागा यांना मिळाली पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर एक दिवस हे काचेखाली येतील, आणि तू मागेच असतोस. आणि खांद्याचं कुठे बोललास तर बघ."

"मी कशाला बोलेन?"

"तू झोपेतसुद्धा बोलतोस."

पूर्वी असतं तर काम सोपं होतं. सगळ्यात जुन्या माणसाला जागा मिळायची. पण आमच्याकडे नवे मॅनेजर आले होते. ते आधी साबणाच्या कंपनीत होते. त्यांनी जाहीर केलं की सुपरवायझर नेतृत्वगुणांवर निवडला जाईल. तीन दिवस प्रशिक्षण, आणि चौथ्या दिवशी प्रत्येक उमेदवाराचं सर्वांसमोर पाच मिनिटांचं भाषण. दाजींनी नोटीस दोनदा वाचली आणि "हं" म्हणाले.

प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या. माझा त्यांच्यावर राग नाही, पण सकाळी नऊ वाजता माणसाला एवढा आनंद कशाचा होतो हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी प्रत्येक गटाला शंभर कागदी नळ्या दिल्या आणि सर्वांत उंच मनोरा बांधायला सांगितलं. आधी चर्चा करून नेता निवडायचा होता. दाजींनी नळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "खाली जाड." आम्ही म्हणालो, "खाली जाड." चार मिनिटांत मनोरा उभा. बाईंनी आमच्या कागदावर लिहिलं, संवादाचा अभाव. शेजारी माल पाठवणाऱ्या विभागाचा गट होता. त्यांनी चाळीस मिनिटं वाद घातला, मनोरा दोनदा पडला, एक जण रुसून बाहेर गेला. त्यांना मोकळ्या चर्चेचे पूर्ण गुण मिळाले.

भाषण लिहून द्यायचं काम नोटीस लागली त्याच दिवशी अर्थातच माझ्या गळ्यात पडलं होतं. खरं सांगायचं तर मी ते आपणहून गळ्यात घालून घेतलं. दोन पानं लिहिली, आणि मला स्वतःला ती फार आवडली. सुरुवातच अशी होती, "नेता म्हणजे वादळातल्या जहाजाचा कप्तान."

दाजींनी वाचलं. "जहाज कशाला?"

"उदाहरण आहे, दाजी."

"मी जहाज पाहिलेलं नाही."

"ऐकणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही. म्हणूनच तर चालतं."

त्यांनी पान उलटलं. "हा सिंह काय करतो?"

"कळपाचं नेतृत्व करतो."

"आणि बाकीचे सिंह?"

मी सिंह खोडला.

ताईच्या स्वयंपाकघरात पाच संध्याकाळ तालीम झाली. ताई मटार सोलत बसायची, मी समोर स्टुलावर. दाजी उभे राहून पहिलं वाक्य म्हणायचे आणि थांबायचे. आमच्याकडे बघायचे. बघतच राहायचे. मला वाटायचं, विसरले, म्हणून मी पुढचं वाक्य सुचवायचो. ते म्हणायचे, पुन्हा थांबायचे. पाचव्या संध्याकाळी माझा धीर सुटला. ताई सालं गोळा करत म्हणाली, "यांना पाठ होत नाहीये." दाजी तिच्याकडे असं बघत होते, जणू चूक तिचीच आहे.

प्रशिक्षण संपलं आणि चौथ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐंशी माणसं खुर्च्यांवर बसली. माल पाठवणाऱ्या विभागाचे प्रमुख आधी बोलले. फार छान बोलले. हातवारे केले, डोंगर चढले, धनुष्यबाण ताणला, शेवटी आपल्या आईचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, मग आपण कोणाच्या बाजूनं आहोत हे आठवलं.

आणखी तिघे बोलून गेले, मग दाजी. शर्टाला कडक इस्त्री, डावा हात अंगाला चिकटलेला, उजव्या हातात माझी दोन पानं. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार."

आणि थांबले.

आमची टोळी चौथ्या रांगेत होती. दाजी आमच्याकडे बघत होते. बाई मान हलवून त्यांना धीर देत होत्या. कोणीतरी खोकलं. मी पुढचं वाक्य सुचवायला तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हा माणूस काही विसरला नव्हता. पाच संध्याकाळ काहीच विसरला नव्हता. समोरच्यानं परत म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच त्याला येत होतं, आणि मी मूर्खासारखा त्याला त्याचंच भाषण सुचवत बसलो होतो.

मी लंबूला कोपर मारलं. "म्हण."

"नमस्कार," आम्ही पाचही जण म्हणालो.

दाजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मी मोठ्या काचेचा मुकादम आहे."

"मोठ्या काचेचा मुकादम आहे."

बाईंनी आपला कागद चाळून बघितला. त्यावर असं काही नव्हतं.

"नेता म्हणजे वादळातल्या जहाजाचा कप्तान."

इथे आमची पंचाईत झाली. मास्तर जोरात म्हणाला, थोरला "वादळ" म्हणून थांबला, धाकटा नुसताच माझ्याकडे बघायला लागला. दाजींनी दोन्ही पानांची घडी केली आणि खिशात ठेवली.

"हे माझ्या मेहुण्यानं लिहिलंय."

"मेहुण्यानं लिहिलंय," या वेळी अख्खं कॅन्टीन म्हणालं. मीही म्हणालो. काय करता?

मग दाजी त्यांना येतं ते बोलले. मागच्या माणसाला पायरी दिसत नाही. ती त्याला सांगायची. त्यानं ऐकली का बघायचं. मग पाय टाकायचा. कोणाचा हात घसरत असेल तर त्यानं लगेच बोलायचं. बोलणाऱ्याला कोणी हसायचं नाही. दर वाक्याला ऐंशी माणसं परत म्हणत होती, मॅनेजर साहेबांचेही ओठ हलत होते. पाच मिनिटं झाली तशी बाईंनी लाल कार्ड वर केलं. दाजींनी ते वाचलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते पुढे बोलले.

"माझा डावा खांदा गेलाय."

कोणी परत म्हटलं नाही.

चार वर्षं, भाचीचं शिक्षण, ताईची तंबी, सगळं त्या एका वाक्यात पाण्यात गेलं होतं. पण ते वाक्य अजून कोणी उचललं नव्हतं. वाटलं, गप्प बसावं, लोक समजतील ऐकण्यात काहीतरी चुकलं. दाजी वाट बघत होते. त्यांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं, आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हटलं. मी त्या माणसाला ओळखतो. तो संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला असता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"दाजींचा डावा खांदा गेलाय," मी एकटाच म्हणालो. मग बाकीचे चौघे म्हणाले. मग सगळे, हळू आवाजात.

"मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

"सांगितलं नाही."

"झालं."

"झालं," कॅन्टीन म्हणालं.

मॅनेजर साहेब उठले. "कधीपासून?"

"चौदा महिने."

"चौदा महिने? मग तुमच्या वाटचं वजन कोण उचलत होतं?"

"मीच," दाजी म्हणाले.

लंबू उभा राहिला. उभा राहिला की तो लपत नाही. "साहेब, मी उचलत होतो. मला माहीत होतं. ते शर्टाची बटणं एका हातानं लावतात. मी त्यांच्या वाटचं घेत होतो. त्यांना बोलू नका."

माझं डोकंच फिरलं. "तू कसा? मी घेत होतो. मी त्यांच्या मागेच असतो."

"तुम्ही दोघं खाली बसा," थोरला म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून मी घेतोय."

"तू?" धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. हे दोघे भाऊ एकाच खोलीत झोपतात. "मग मी काय करत होतो?"

मास्तरनं शर्ट वर केला. आत कमरेला वीतभर रुंद पट्टा होता. चौदा महिने आमच्या कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा वास का येत होता, ते त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच माहीत आहे. भर सभेत आमची दहा मिनिटं जुंपली, जास्त कोणी उचललं यावरून. बाई खुर्चीत बसून घेत म्हणाल्या की हे प्रशिक्षणात कुठेही सांगितलेलं नाही. दाजी माइकपाशी तसेच उभे होते.

दोन दिवसांनी गुण लागले. माल पाठवणारे प्रमुख पहिले आले. दाजी खालून दुसरे, शेरा, वेळेचं भान नाही. त्याच फळ्यावर त्याच्या खाली दुसरा कागद होता, सुपरवायझर म्हणून दाजींची नेमणूक झाल्याचा, खाली मॅनेजर साहेबांची सही. कारण काही लिहिलेलं नव्हतं आणि कोणी विचारायला गेलं नाही. ताई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. बातमी कळल्यावर तिनं फोन केला, रडली, आणि रडता रडता मला चार शब्द सुनावले.

त्या संध्याकाळी दाजी आणि मी बस स्टॉपवर उभे होतो. मी नेहमीसारखा बोलत होतो, नवी खुर्ची, नवं टेबल, लंबूनं उगाच घेतलेलं श्रेय. दाजींचा चेहरा उतरलेला होता.

"दाजी, आता काय झालं? जागा मिळाली ना?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला वाटत होतं, डॉक्टरचं औषध उचलण्यापुरतं तरी लागू पडलंय," ते म्हणाले. "चौदा महिन्यांत काच एकदाही जड लागली नाही."

बस आली, मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना पुढे चढू दिलं.